पोर व्यासपीठावर चढवा, पण पाठीशी उभे रहा

(परभणी जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



आपण औत सोडून, भट्टी विझवून, चाक थांबवून येथे जमलात. तेव्हा लांबण न लावता मुद्द्यास हात घालतो. आपल्या जिल्ह्यात परिषदा व मेळावे काही थोडे भरत नाहीत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील शेतकरी मेळाव्यास आपण गाड्या भरभरून जातो. १९९५ साली तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव परभणीतच पडला होता. मांडवात आपण असतोच. प्रश्न एवढाच की, मांडवाच्या कोणत्या टोकाला? सतरंजीवर आपण आणि व्यासपीठावर दुसराच कोणी, तोही आपलेच दुःख आपल्याला समजावून सांगणारा, हा पायंडा आणखी किती दिवस चालू द्यावयाचा?

ह्यात दोष दर वेळी परिषद भरविणाऱ्यांचाच असतो असे नाही. पत्रिका छापण्यापूर्वी ते विचारतात, "तुमच्याकडून कोण बोलणार?" तेव्हा आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो आणि शेवटी आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसाचे तेच ते नाव देऊन मोकळे होतो. पोरे मागल्या रांगेतच राहतात.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका परिषदेकरिता आम्ही पूर्णा तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीचे नाव सुचविले. बांधावर बोलू लागली म्हणजे म्हातारे शेतकरीही कान देत, अशी ती पोर. नाव दिले आणि आपले काम संपले असे समजून आम्ही स्वस्थ बसलो. कापसावरील बोंडअळी हा तिचा घरचा विषय. परंतु परिषदेत पुस्तकी भाषा लागते असे कोणीतरी तिच्या मनात भरविले. तिने जड शब्दांचे चार कागद लिहून आणले. ध्वनिक्षेपकातून स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली, दुसऱ्या कागदावर अडखळली आणि खाली उतरली. लोक हसले. आम्ही व्यासपीठावरच बसलो होतो. उठून तिच्याजवळ जाणेदेखील आम्हांस सुचले नाही. पुढे दोन वर्षे ती कोणत्याही सभेस आली नाही.

मंडळी, लोहाराचा मुलगा पहिल्या दिवशी घण उचलतो काय? आधी तो भाता ओढतो, मग सांडशी धरतो, आणि बापाची नजर हातावर असतानाच पहिला घाव घालतो. नवख्या हाती चाडे देऊन शेतकरी बांधावर झोपतो काय? आपल्या धंद्यात आपण हे जाणतो, मग वक्तृत्वाच्या धंद्यातच ते कसे विसरतो? गंगाखेडच्या जनाबाईंचा हा मुलूख. येथे गावोगाव कीर्तन होते. कीर्तनकाराचा श्वास तुटला की मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात. त्या पोरीमागे टाळकरी नव्हते, एवढेच तिचे उणे होते.

टाळकरी असले म्हणजे काय होते, ह्याचा दाखला इतिहासात आहे. १९२० साली डॉ. आंबेडकर अवघे २८ वर्षांचे होते. विद्या अमेरिकेपर्यंतची होती, मुंबईत प्रोफेसरी होती. परंतु खेड्यापाड्यांतील आपल्याच लोकांना त्यांची ओळख नव्हती. कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांनी त्यांची व शाहू महाराजांची गाठ घालून दिली. महाराजांनी 'मूकनायक' पत्राला अडीच हजार रुपयांची मदत केली. मग २१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. तिचे अध्यक्षपद ह्या तरुणाकडे होते, आणि छत्रपती स्वतः तेथे गेले. तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी भरसभेत लोकांना सांगितले. दोनच महिन्यांनी नागपूरच्या परिषदेत महाराज अध्यक्ष होते आणि आंबेडकर त्यांच्या सोबत होते.

ह्यातली कामे मोजून पहा. पवारांनी गाठ घालून दिली. महाराजांनी पैसा दिला, स्वतः सभेस हजर राहून दहा लोकांत शब्द टाकला, आणि पहिल्या सभेनंतरही साथ सोडली नाही. माणूस आंबेडकरांएवढा मोठा होता, तरी ही साथ लागली. मग आपल्या कोवळ्या पोरांना ती किती लागेल?

त्याच्याही आधीचे पहा. जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीचा महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. गुरूने लिहावे आणि शिष्येने ऐकावे असे तेथे घडले नाही. लेखणी तिच्या हाती होती, म्हणून तिचे दुःख तिच्याच शब्दांत आज आपल्यापर्यंत पोहोचले.

आपल्या ह्या मुलखात तर निजामी अमलात सभा भरविण्यासच सरकारची परवानगी लागे. तशा काळात, १९३७ साली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. परतूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. तोंड उघडण्याची मोकळीक इतक्या कष्टाने मिळाली आणि आपण मात्र तोंडे ठरावीकच ठेवली! आणि १९९५ च्या संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? नारायण सुर्वे. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले, शाळेत शिपाईगिरी केलेले. असा माणूस परभणीत मुख्य आसनावर बसतो, तर आपल्या कुंभाराच्या, सुताराच्या, सालगड्याच्या पोरास दहा मिनिटे बोलता येणार नाही, हे आम्ही मानीत नाही.

तर मग करावयाचे काय? नाव देताना पोराला आधी विचारावे. परस्पर नाव देऊ नये. विषय त्याच्या हातचा असावा, भाषा त्याच्या घरची असावी. दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगाव्या, तीस सांगू नयेत. सभेपूर्वी दोन-तीन वेळा पारावर चार माणसांपुढे बोलून घ्यावे. आपण चुका दाखवाव्या, पण भाषण लिहून देऊ नये; नाहीतर तोंड त्याचे आणि बोल आपले अशी गत होते. येण्याजाण्याचे भाडे व बुडालेली मजुरी गावाने वर्गणीतून द्यावी. मुलगी असेल तर सोबत तिची आई किंवा मैत्रीण असावी. सभेच्या दिवशी तासभर आधी नेऊन ध्वनिक्षेपकावर तिला चार वाक्ये बोलू द्यावी. आपण पहिल्या रांगेत बसावे आणि भाषण संपल्यावर, बरे झाले असो वा वाईट, प्रथम तिच्याजवळ जावे. मग पुढच्या सभेसाठी तिचे नाव पुन्हा द्यावे. हे शेवटचे काम सर्वांत मोठे आहे, कारण एकदा पडलेल्यास दुसरी संधी कोणी देत नाही.

त्या पूर्णेकडील मुलीकडे दोन वर्षांनी आम्ही गेलो. चूक आमची होती हे तिच्या आईसमक्ष कबूल केले. तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. शेवटी म्हणाली, "मी बोलेन, पण आमच्या बोलीत." ह्या वेळी चार कागद नव्हते, हातात कामगंध सापळा होता. तीन दिवस लागोपाठ एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर बोंडअळीसाठी औषधाची वेळ झाली असे समजावे, त्याआधी दुकानदाराच्या सांगण्यावरून पैसा ओतू नये, एवढेच तिने सांगितले. सभा संपल्यावर लोकांनी तिला गराडा घातला. आम्हांस कोणी काही विचारले नाही. आणि खरे सांगतो, इतका आनंद आम्हांस स्वतःच्या भाषणाने कधी झाला नव्हता.

म्हणून आजच्या बैठकीपुढे आमची विनंती अशी. प्रत्येक गावाने दोन नावे द्यावी, त्यांत एक मुलीचे असावे. आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्या वडीलधाऱ्याचेही नाव लिहावे. पुढील परिषदेच्या पत्रिकेवर वक्ता म्हणून आमचे नाव घालू नये. ते दुसऱ्या रकान्यात, पाठीशी उभे राहणाऱ्यांत लिहा. तेवढी जागा आम्हांस पुरे आहे.