लैंगिक विषयावरील लेखन आणि छोटे प्रकाशक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी पुढे येईल अशी त्यांची कल्पना असावी. आमचा विषय ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सभेला स्त्रिया असतात." आम्ही म्हणालो, "त्या असतात म्हणूनच हा विषय घेतो आहोत." त्यांनी तो मान्य केला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही, साहित्यिक तर नाहीच. नववीत शाळा सुटली, लेथवर उभे राहिलो, आणि पुढे जे काही शिकलो ते कारखाना सुटल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. मात्र संघटनेचे चार पानी मासिक पत्रक आम्ही पुष्कळ वर्षे चालवले. मजकूर जमवणे, मुद्रिते तपासणे, कागदाचे पैसे उभे करणे आणि गेटवर उभे राहून अंक वाटणे ही सारी कामे केली. छोट्या प्रकाशनाचे सुखदुःख आम्हाला ठाऊक आहे, एवढाच आमचा अधिकार.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी या पत्रकाकडे एक निनावी पत्र आले. लिहिणारा तरुण कामगार होता. त्याचे लग्न ठरले होते आणि झोपेत आपला धातू जातो या काळजीने त्याला घेरले होते. आपण लग्नाला लायक आहोत की नाही, एवढेच त्याला हवे होते. कार्यकारिणीत ते पत्र वाचले गेले, हशा पिकला, आणि पत्र फाईलला लागले. पाच-सहा महिन्यांनी आमच्या पतपेढीकडे कर्जाचा एक अर्ज आला. कारण लिहिले होते 'औषधोपचार'. आम्ही अक्षर ओळखले. चौकशी केली तेव्हा कळले, की स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये दर महिन्याला येणाऱ्या एका 'गुप्तरोगतज्ज्ञा'च्या पुड्यांपायी तो कर्जबाजारी झाला होता. ठरलेले लग्न त्याने स्वतःच मोडले होते. माणूस पूर्ण निरोगी होता. वयात आलेल्या पुरुषाच्या बाबतीत हे नैसर्गिक आहे, त्याने शक्ती जात नाही आणि यावर औषध लागत नाही, एवढ्या दोन ओळी त्याला हव्या होत्या. आमच्या त्या महिन्याच्या अंकात अर्धे पान सत्काराच्या बातमीने भरले होते.

मंडळी, या विषयावर लिहिणाराला वाव कोठे आहे, असे आम्हाला कोणी विचारले म्हणजे आम्ही त्या फाईलकडे बोट दाखवतो. प्रश्न आहेत, विचारणारे आहेत, आणि उत्तर देणारी जागा रिकामी आहे. ती रिकामी राहिली की लॉजमधला माणूस येऊन बसतो.

मराठीत ही जागा भरून काढण्याचा मोठा प्रयत्न एका माणसाने केला, त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, पण प्रचार सोडला नाही. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत चालले. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते वारले, म्हणजे शेवटचा अंक त्यांच्या मागे निघाला. सव्वीस वर्षांहून अधिक काळ, पाठीशी भांडवलदार नाही, संस्था नाही, पगारी नोकरांचा ताफा नाही, अशा स्थितीत एका माणसाने मासिक चालवले. पत्नी मालतीबाई या धडपडीत बरोबरीने उभ्या होत्या. शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या लेखिकेला या मासिकात मोकळेपणाने लिहिता आले. वाचकांनी नाव न देता पत्रे पाठवावीत आणि संपादकाने सरळ शब्दांत उत्तरे द्यावीत, हा त्या मासिकाचा प्राण होता.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९३१ साली एका लेखावरून खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. पण आम्हा कामगारांना त्यातला एक धागा विसरता येत नाही. याच बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३८ साली त्या पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो नामंजूर झाला ही गोष्ट वेगळी. मजुरी आणि शरीर हे दोन वेगळे विषय आहेत असे त्यांनी मानले नाही. आम्ही मात्र आमच्या कार्यकारिणीत बसून तसे मानत होतो.

आता कायद्याविषयी थोडे. कर्व्यांवर खटले झाले तेव्हा अश्लीलतेच्या कलमात, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या २९२ मध्ये, धार्मिक पुस्तकांना आणि देवळावरच्या शिल्पांना सूट होती, शास्त्राला नव्हती. देवळाच्या भिंतीवर जे चालत होते, ते मासिकाच्या पानावर चालत नव्हते! शास्त्र, वाङ्मय, कला आणि ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला सूट मिळाली ती १९६९ च्या दुरुस्तीने. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चंद्रकांत काकोडकर यांना निर्दोष सोडले. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. उच्च न्यायालयाने केलेला दंड होता पंचवीस रुपये, आणि तो रद्द होईपर्यंत सात वर्षे गेली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या २९४ व्या कलमात तोच गुन्हा आहे आणि तीच सूट आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा लिहिणाराने भिऊ नये, पण अडाणीही राहू नये. लहान मुलांना वासनेचा विषय करणारे काहीही लिहू नये, छापू नये. ही मर्यादा कायद्याची आहे आणि त्याआधी माणुसकीची आहे. तसेच खऱ्या माणसाची हकीकत त्याच्या संमतीवाचून ओळखू येईल अशी देऊ नये.

मग लिहावे काय? आमच्या मते पहिले काम शब्दांचे आहे. या विषयावर मराठीत दोन भाषा आहेत. एक पंडितांची, दुसरी शिवीची. पहिली कळत नाही आणि दुसरी चारचौघांत बोलता येत नाही. पण या दोहोंच्या मध्ये आपल्या घरांतली एक तिसरी भाषा आहे. आमची आई 'कावळा शिवला' म्हणे, शेजारच्या काकू 'अडचण आहे' म्हणत. दवाखान्याच्या रांगेत बाई 'अंगावरून जाते' एवढेच सांगते. त्यात पांढरे जाणेही आले, रक्त जाणेही आले, आणि भीतीही आली. पुरुष 'धातू जातो' म्हणतो, त्यात अर्धा अज्ञानाचा आणि अर्धा लाजेचा भाग असतो. हे शब्द जसेच्या तसे उचलून, त्यांतली भीती काढून, खरी माहिती त्यांत भरणारा लेखक आम्हाला हवा आहे. हे काम मोठ्या पदव्यांचे नाही, कानांचे आहे. चाळीत, बाजारात, एसटीच्या थांब्यावर ज्याने कान उघडे ठेवले त्याचे ते काम आहे.

दुसरे काम, ज्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही त्यांचे. गावी बायको ठेवून दहा जणांच्या खोलीत राहणारा मजूर, पाळी जाताना अंग तापते म्हणून घाबरलेली शिलाईकाम करणारी बाई, अपंग मुलगी वयात आली म्हणून चिंतेत पडलेले आईबाप, साठी उलटलेले जोडपे, मनाने पुरुषावरच प्रेम करणारा पण चार नातेवाइकांच्या आग्रहाने बोहल्यावर चढवलेला मुलगा, आणि त्याच्याशी लग्न लागलेली मुलगी. यांतल्या एकेकावर एकेक पुस्तिका होईल. आणि या पुस्तिका मोठा प्रकाशक बहुधा घेणार नाही, कारण त्याला हजारो प्रतींचा हिशोब पाहावा लागतो. छोट्या प्रकाशकाला पाचशे प्रती पुरतात. आता तर मागणी येईल तशा थोड्या थोड्या प्रती छापून देण्याची सोय झाली आहे.

अशा जागा मुळीच नाहीत असे नव्हे. मुंबईत १९९० साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' काढले, तेव्हा समलिंगी माणसांना आपले म्हणावे असे पान नव्हते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीतून सातत्याने लिहिले. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी त्यांतलीच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, तेव्हापासून अशा लेखनाखाली खरे नाव घालणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पुरुषपणाचाच विचार करणारा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक निघतो. आणि दिवाळी अंक ही तर मराठी लेखकाची स्वतःची जहागीर आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने तिचा पाया घातला. ज्याला वर्षभर कोणी विचारत नाही, त्यालाही दिवाळीत एखादा संपादक पत्र लिहितो. आमची नव्या लेखकांना सूचना अशी, की आधी ग्रंथ लिहू नका, आधी एक प्रश्न घ्या आणि त्याचे दोन पानांत उत्तर लिहा. एखाद्या जाणत्या डॉक्टरला दाखवा. मग ते छोट्या अंकाकडे पाठवा.

येथपर्यंत आम्ही चांगले चांगले सांगितले. आता कडू भाग सांगतो.

त्या तरुणाच्या कर्जाच्या अर्जानंतर आम्हाला लाज वाटली आणि आम्ही पत्रकात 'आरोग्याचे पान' सुरू केले. लिहायला एक परिचारिका मिळाल्या. त्या स्वतःच्या नावाने लिहीत, आणि फार चांगले लिहीत. पत्रक घरी नेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती, ती त्या पानाने पडली. आठ अंक निघाले. मग एका सद्गृहस्थांनी त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रार केली आणि बाईंकडून लेखी खुलासा मागण्यात आला. आमची कार्यकारिणी घाबरली. पुढच्या अंकात चौकट आली, 'लेखातील मते लेखिकेची असून संघटना त्यांच्याशी सहमत असेलच असे नाही.' त्या चौकटीचा मसुदा आमच्याच हातचा होता. बाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त पुढचा मजकूर पाठवला नाही. पान बंद पडले, आणि पत्रक पुन्हा सत्कारांनी भरू लागले.

ज्या संघटनेने एका कामगाराला नोटीस आली की गेट बंद पाडले, तिने आपल्या लेखिकेला नोटीस आली तेव्हा चौकट छापली! ही गोष्ट आम्हाला आजही टोचते.

याहून मोठे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असावे असे आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या बुलेटिनमध्ये आली. कवितेचा विषय लैंगिक नव्हता, पण आरोप अश्लीलतेचाच होता. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. छापणारांनी पूर्वीच माफी मागितली होती, त्यांची सुटका झाली. कवीवरचा खटला मात्र पुढे चालवायचा ठरला. माफी मागणारांना आम्ही नावे ठेवत नाही, आम्ही त्यांच्यापेक्षा कमी कारणासाठी डगमगलो आहोत. पण यातून शिकायचे ते शिकावे. वादळ येते तेव्हा छोट्या प्रकाशनात सगळ्यांत एकटा पडतो तो लेखक.

म्हणून लेखक हा कामगार आहे असे समजून आम्ही काही मागण्या मांडतो. छापण्यापूर्वी एका कागदावर लेखी ठरवावे, की मानधन किती आणि कधी. पैसे नसतील तर प्रती किती, तेही लिहावे. पुन्हा छापण्याचा हक्क कोणाचा, ते लिहावे. खरे नाव की टोपणनाव हे लेखकाने ठरवावे, आणि टोपणनाव असेल तर खरे नाव फोडू नये. तक्रार आली तर उत्तर संपादकाने द्यावे, वकिलाचा खर्च प्रकाशनाने करावा, आणि लेखकाला विचारल्यावाचून माफी किंवा चौकट छापू नये. एवढे मान्य करणारा प्रकाशक कितीही लहान असो, तो मोठा आहे. मान्य न करणाराकडे लिहिण्यापेक्षा वाट पाहिलेली बरी.

शेवटची मागणी तुमच्याकडे आहे. असे मासिक चालते ते वर्गणीदारांच्या आधारावर. मनातल्या मनात वाहवा करणारा वाचक आणि वर्गणी भरणारा वाचक यांत फार अंतर आहे. आपल्या वाचनालयात मागणीची वही टांगलेली असते. तिच्यात या विषयावरच्या एका तरी पुस्तकाचे नाव लिहा, आणि खाली आपली सही करा. निनावी पत्रे पुष्कळ झाली.

त्या परिचारिकाबाई आता सेवानिवृत्त आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो, झाल्या गोष्टीची माफी मागितली आणि पुन्हा लिहाल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "कागदावर लिहून द्या." आम्ही लिहून दिले आहे.