वाढत्या अंगाची भूक



गिरडच्या ज्या टेकडीच्या छायेत आपण आज जमलो आहोत, तिच्यावर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. आणि त्या टेकडीवर सापडणारे वाटोळे खडे हे एके काळी फिरत्या व्यापाऱ्याच्या गोणीतले खाण्याचे जिन्नस होते, त्याने बाबांची थट्टा केली म्हणून त्यांचे दगड झाले, ही कथा येथे पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. भूगर्भशास्त्र त्या खड्यांची गणना झिओलाइट वर्गातील खनिजांत करते, आणि ते यथार्थच आहे. परंतु थट्टेने खाण्याचे दगड होतात, हे त्या कथेतले मर्म बालकांच्या बाबतीत मला अक्षरशः खरे वाटते. ज्या मुलाच्या शरीराची चेष्टा वर्गात, लग्नमंडपात आणि खुद्द आजोळच्या ओसरीवर होते, त्याचा घास घशातच अडतो, किंवा सर्वांच्या दृष्टीआड, घाईघाईने, अपराध्याच्या मनाने गिळला जातो.

आपल्याकडे पाहुणा उंबरठा ओलांडताच मुलाच्या अंगाविषयी अभिप्राय देतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. एकाला 'काडीपैलवान', दुसऱ्याला 'ढोल्या'. एकीला 'खाल्लेलं अंगाला लागत नाही हिच्या', तर दुसरीला 'आतापासून आवर घाला, पुढे जड जाईल'. हे 'पुढे' म्हणजे लग्न, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलीलाही कळते. मग ती सायंकाळची भाकर टाळते, वरणावरचे तूप बाजूला सारते, आणि 'डाएट' हा शब्द तिच्या तोंडी ऋतुप्राप्तीच्याही आधी येतो. आई प्रथम कौतुक करते; कारण मुलगी शहाण्यासारखी वागते आहे, असे तिला वाटते.

निसर्गाचा शिरस्ता मात्र निराळा आहे. प्रौढपणीच्या वजनापैकी जवळजवळ अर्धे वजन आणि उंचीपैकी सुमारे एक पंचमांश उंची मनुष्य किशोरवयात कमावतो. मुलींच्या अंगावर त्या काळात जी मेदाची भर पडते, ती आळसाची खूण नसून पुढील सर्व वाढीची पूर्वतयारी होय. त्या तयारीच्या ऐन वेळी जी मुलगी उपाशी राहते, ती केवळ वजन सोडत नाही. हाडांत साठावयाचा चुना आणि रक्तात मुरावयाचे लोह यांवरही ती पाणी सोडते. आणि आपल्या प्रांतात रक्ताची स्थिती आधीच काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याच फेरीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती, ३६.१ टक्के वजनाने कमी होती, आणि प्रमाणाबाहेर वजनाची मुले १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेली होती. कृश आणि स्थूल अशी दोन्ही बालके अखेर एकाच बाकावर येऊन बसतात, आणि आपण मोठी माणसे दोघांवरही त्याच एका नजरेचा अंमल चालवितो.

ही नजर किती अविश्वसनीय आहे, याचा दाखला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिला आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांचा जो प्रदीर्घ अभ्यास चालविला, त्यात सरासरी २.७ किलोची आपली नवजात बालके इंग्लंडमधील साडेतीन किलोच्या बालकांहून दिसावयास कृश, पण मेद राखण्यात फारशी मागे नाहीत, असे निष्पन्न झाले. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबरचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले: दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३, परंतु एकाच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर खुद्द याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. जेथे वजनकाटाही एवढा चकतो, तेथे ओसरीवर बसलेल्या मामा-मावशीच्या अंदाजाला काय किंमत द्यावयाची!

या जिल्ह्यात आहाराविषयी बोलताना गांधीजींचे नाव घेणे क्रमप्राप्त आहे. मला मात्र सेवाग्रामच्या गांधीजींआधी राजकोटचा मोहन आठवतो. आपण दुबळे आहोत, इंग्रज मांसाहारामुळे धिप्पाड आहे, या समजुतीने त्या मुलाने मित्राच्या संगतीत चोरून मांस खाल्ले, आणि घरी आईने जेवावयास बोलावले, की भूक नाही, पोट बिघडले आहे, असे तिला सांगितले. शरीराविषयीच्या न्यूनगंडाने मूल काय करते, याचे यापेक्षा प्रांजळ निवेदन मला ठाऊक नाही. यात मला सर्वांत दुःखद वाटते ते आईशी भुकेबद्दल बोललेले खोटे. आजची मुलगी तेच वाक्य उलट्या हेतूने बोलते.

त्याच मोहनदासांनी १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन करून, कुमारप्पांसारखा साक्षेपी अर्थशास्त्रज्ञ हाताशी घेऊन, हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ आणि पालेभाज्या यांचा पुरस्कार केला. आणि त्यांच्याच नयी तालीम या शिक्षणपद्धतीच्या शाळेत शेत, सफाई व स्वयंपाकघर ही अभ्यासाचीच अंगे मानली गेली. त्यांच्या आहारातील सर्वच कठोर प्रयोग मुलांसाठी अनुकरणीय आहेत, असे मी म्हणणार नाही; व्रत प्रौढाने घ्यावे, वाढत्या अंगावर ते लादू नये. परंतु जे मूल वांगे लावते, निवडते आणि चुलीवर शिजताना पाहते, ते अन्नाकडे शत्रू म्हणून पाहत नाही, हे त्या शाळेचे सूत्र मला आजही प्रमाण वाटते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, पावसाळ्यातला तरोटा: समुद्रपूर तहसिलीच्या या ताटात कोणत्याही आहारशास्त्राने नाक मुरडावे असे काही नाही.

आता शाळेसमोरच्या दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळांविषयी. अतिमेद, अतिशर्करा व अतिलवणाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्रीय नियम २०२० साली झाला. त्याची अंमलबजावणी हे प्रौढांचे काम, त्याचा भार मुलाच्या संयमावर टाकणे अन्याय्य होय. पेनसिल्व्हेनियात लिअ‍ॅन बर्च व जेनिफर फिशर यांनी १९९९ साली दाखवून दिले, की डोळ्यांसमोर ठेवून मना केलेल्या पदार्थाचीच मुलांना अधिक ओढ लागते. म्हणून स्थूल मुलाला वेगळे ताट वाढू नये. घरातील सर्वांचेच ताट सुधारावे. काय, केव्हा आणि कोठे वाढावयाचे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावयाचे, हे मुलाच्या भुकेवर सोपवावे. मात्र मूल वाढीच्या आलेखावरून घसरत असेल, जेवण लपवीत असेल किंवा मुलीची पाळी थांबली असेल, तर घरगुती उपदेशात वेळ न दवडता त्याला वैद्याकडे आणावे.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांस ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गांस ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. ते पाळलेच पाहिजे. पण तेवढ्या खिचडीबरोबर 'तुला कशाला आणखी?' हे शब्द वाढले जाऊ नयेत. सबब माझी सूचना अशी: उंची-वजनाची नोंद एकेका मुलाला आडोशाला नेऊन व्हावी, आकडा वर्गात पुकारला जाऊ नये, तो पालकासच सांगावा, आणि गुटगुटीत अर्भकाला बक्षीस देणाऱ्या 'सुदृढ बालक' स्पर्धा जिल्ह्यातील मेळाव्यांतून बंद कराव्या. या आशयाचा ठराव दुपारच्या बैठकीत चर्चेस घ्यावा, आणि त्या चर्चेत शाळांतून रोज खिचडी रांधणाऱ्या भगिनींना सर्वांआधी बोलू द्यावे, अशी माझी विनंती आहे.