तहानलेल्यांस पाणी : स्मृतिभ्रंश झालेल्या मातापितरांची सेवा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने मंदिराचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. तो आपणांस तोंडपाठ असल्यामुळे त्यातील एकच गोष्ट सांगतो. ह्या भिंती उभ्या राहिल्या, त्या वेळी आपल्या आयाबहिणींनी विहिरीवरून घागरी वाहून त्यांवर पाणी शिंपडले, म्हणून त्या मजबूत झाल्या. त्या बायांपैकी काहींस आज आपल्या लेकरांची नावेही आठवत नाहीत. ज्यांनी मंदिरास पाणी पाजले, त्यांच्या घशाला कोरड पडू नये, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आमची स्वतःची चूक आधी कबूल करतो. आमची माय ऐंशीच्या घरात आहे. चार-पाच वर्षांपूर्वी तिची स्मृती जाऊ लागली. आमचा भाऊ व भावजय दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. एका हंगामात मायजवळ राहण्याची पाळी आमच्यावर आली व आम्ही तिला धर्मगुरूनिवासात आणले. मिस्सेस जाण्यापूर्वी तिच्या खाटेजवळ तांब्याभर पाणी ठेवावे, दुपारी "माय, पाणी पाहिजे का?" असे विचारावे, आणि "पेले की म्या मघाच," हे तिचे उत्तर खरे मानून आपल्या कामास लागावे, असा आमचा क्रम होता. फाल्गुनात ऊन तापू लागले. एके दिवशी माय उठेना. ती झोपाळू झाली, भलतेच बरळू लागली. तिचे ओठ सुकले होते. तिला घाईने रुग्णालयात नेले. शिरेतून सलाईन देत वैद्यांनी एकच प्रश्न केला, "ह्यांनी काल किती पाणी प्यायले?" आम्हांस उत्तर देता आले नाही. घरी परतून पाहिले, तर तांब्या काठोकाठ भरलेला होता. गुरुविद्यालयात आम्ही पुष्कळ वर्षे शिकलो. परंतु पाणी जवळ ठेवणे निराळे आणि पाणी पाजणे निराळे, हे त्या तांब्याने शिकविले.

असे का घडते? आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणतात, कोणी म्हातारचळ म्हणतात. परंतु हा वयाचा दोष नसून मेंदूचा आजार आहे. त्याचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्याचे वर्णन आलॉईस अल्झायमर ह्या जर्मन वैद्यांनी १९०६ साली केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांमागे सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंश आहे. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच मंद होते. त्यात हा आजार जडला, की पाणी प्यायलो की नाही ह्याचे स्मरण राहत नाही. समोरचा पेला कशासाठी आहे हे उमगत नाही. तहान लागली तरी ती सांगण्यास शब्द सापडत नाही. कित्येकांस लघवी आवरणार नाही अशी लाज वाटते, म्हणून ते पिणेच टाळतात. मग शरीर सुकते, बद्धकोष्ठ होतो, मूत्रमार्गास जंतुबाधा होते, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि भ्रम एकाएकी बळावतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. पुष्कळदा वाढलेली असते ती कोरड.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे, ते वैद्यांच्या पुस्तकात सापडणार नाही. १९७२ च्या दुष्काळात आमची माय दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. आम्ही तेव्हा अंगावर पिणारे मूल होतो. घरात घागरभर पाणी आले, की आधी लेकरे, मग सासूसासरे, मग जनावर, आणि उरले तर स्वतः, असा तिचा नेम होता. सगळे विसरले, पण तो नेम ती विसरली नाही. आजही पेला पुढे केला, की ती तो हाताने सारते आणि म्हणते, "राहू दे, लेकराला लागंल." आम्ही कित्येक दिवस तिच्याशी वाद घालीत होतो : माय, दुष्काळ सरला, नळ आला. वाद फुकट गेला. शेवटी एके दिवशी तिच्यासमोर आम्ही स्वतः पाणी प्यालो आणि म्हणालो, "माय, लेकरं प्याली. आता तुझी पाळी." तिने पेला घेतला आणि रिकामा केला.

बंधुभगिनींनो, सांगावयाचे ते एवढेच आहे. पाणी पाहिजे का, असे विचारू नका. जवळ बसा, आपण प्या, आणि पेला त्यांच्या हाती द्या.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. वृद्ध माणसाच्या पोटात दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर पेय जावे, म्हणजे लहान पेल्याने सात-आठ पेले. एकदम पेला संपविण्याचा आग्रह न धरता तासा-दीड तासाने चार घोट द्यावेत. सकाळी उठल्यावर, औषधासोबत, जेवणात, तिसऱ्या प्रहरी अशा ठरलेल्या वेळा असाव्यात. निजण्यापूर्वी मात्र बेताने द्यावे, म्हणजे रात्री अंधारात उठणे होत नाही. चकचकीत पेल्यात पाणी नजरेस भरत नाही. रंगीत पेला अथवा त्यांच्या सवयीचे भांडे घ्यावे. पाणी नको असेल तर ताक, पातळ आंबील, वरणाचे पाणी, पन्हे, लिंबाचे सरबत, दुधात कुसकरलेली भाकरी, टरबुजाची फोड द्यावी. चहाही त्यात मोजावा. पाहुणा आला की गूळपाणी देण्याची आपली रीत त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असते. पाहुण्यासोबत त्यांच्याही हाती पेला द्यावा.

सावधगिरीही हवी. निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ताठ बसवून लहान घोट द्यावेत. वारंवार ठसका लागत असेल, तर पाणी फुप्फुसात जाण्याचे भय असते, वैद्यांस दाखवावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती प्यावे हे वैद्यच सांगतील. लघवी गडद व थोडी होणे, तोंड सुकणे, एकाएकी गुंगी अथवा भ्रम वाढणे, ह्या खुणा दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. गरज पडल्यास अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

उपवासकाळाविषयीही एक शब्द. तो ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, आणि काही वृद्ध पाण्यासही नको म्हणतात. कम्युनियनपूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा जुना नियम त्यांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेला असतो. पाण्याने तो उपवास मोडत नाही, असे पोप बारावे पायस ह्यांनी १९५३ सालीच ठरवून दिले. वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे ह्यांस तर आज कम्युनियनपूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचेही बंधन नाही. ही गोष्ट त्यांना सांगण्यास आम्हांस घरी बोलवा. धर्मगुरूच्या तोंडून ऐकली म्हणजे त्यांस पटते.

शेवटी एक मागणे. दिवाळीनंतर आपल्या गावांतील तरणीताठी माणसे फडावर जातात आणि घराघरांत म्हातारी माणसे मागे राहतात. जाणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. उचल घेतलेल्या माणसास थांबता येत नाही, हे आमच्याच घरी आम्ही पाहिले आहे. परंतु जे गावी राहतात, त्यांनी आपल्या शेजारचे एक घर वाटून घ्यावे. दिवसातून चार वेळा जावे, दहा मिनिटे बसावे, दोघांनी मिळून पेलाभर काही प्यावे. बाप म्हातारा होऊन त्याची बुद्धी चळली, तरी मुलाने त्यास सांभाळून घ्यावे, असा उपदेश बेनसिराच्या ग्रंथात तिसऱ्या अध्यायी आहे. आणि तहानलेल्यास पाणी देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक म्हणून आपण लहानपणी पाठ केले आहे. जो स्वतःची तहान सांगू शकत नाही, त्याच्याहून अधिक तहानलेला कोण?

ह्या महोत्सवात मंदिरास रंग दिला, ते उत्तम झाले. आता घरी जाऊन प्रत्येकाने आपल्या घरातील तांब्या पाहावा. तो भरलेला आहे की नाही, हे पाहू नये; तो रिकामा झाला की नाही, हे पाहावे.

परमेश्वर आपणां सर्वांस व आपल्या वृद्ध मातापितरांस आशीर्वाद देवो.