कार्टून आहे, बघू दे!

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



‘मुलांनी काय पाहावे’ या विषयावर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. या बाबतीत माझा स्वतःचा कारभार चोख आहे असे मुळीच नाही. पण त्या म्हणाल्या, चुकलेल्या माणसानेच बोलावे, आणि मग मला सुटका उरली नाही.

गोष्ट दिवाळीच्या सुटीतली. मी चकल्या तळत होते. धाकटा नातू, वय वर्षे 12, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “आजी, एक कार्टून बघू?” माझे लक्ष कढईत. म्हटले, “बघ की, कार्टूनच ना!” अर्ध्या तासाने सूनबाई कचेरीतून आल्या आणि बाहेरच्या खोलीतूनच त्यांचा आवाज आला, “आई, हे तुम्ही लावू दिलंत?” मी झारा हातात घेऊनच बाहेर गेले. पडद्यावर रंगीबेरंगी कपड्यांची एक मुलगी दांडक्याने एकाची हाडे मोडीत होती, रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या आणि तोंडाने ती जे बोलत होती ते मला इंग्रजी बेताचे येत असूनही समजले. आणि चिरंजीव लोळून लोळून हसत होते!

त्या चित्रमालिकेचे नाव ‘हार्ली क्विन’. अमेरिकेत ती 29 नोव्हेंबर 2019 ला सुरू झाली आणि 2025 पर्यंत तिचे पाच हंगाम झाले. बॅटमॅन या नायकाच्या गॉथम नावाच्या काल्पनिक शहरातली ही कथा. पण नायक बाजूला, आणि खलनायकांची मंडळीच पुढे. तिकडच्या पद्धतीप्रमाणे तिच्यावर ‘टीव्ही-एमए’ असा शिक्का आहे. म्हणजे प्रौढांसाठी, 17 वर्षांखालील मुलांना योग्य नसण्याचा संभव. आपल्याकडेही 2021 च्या नियमांनी अशा घरबसल्या पाहायच्या कार्यक्रमांचे पाच वर्ग पाडले आहेत: सर्वांसाठी, 7 च्या पुढे, 13 च्या पुढे, 16 च्या पुढे, आणि केवळ प्रौढांसाठी. 13 च्या पुढच्या वर्गांना पालकांना कुलूप घालता यावे, अशी सोयही ठेवायला सांगितली आहे. हे सारे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. माझ्या मनात एकच समीकरण होते, की काढलेली चित्रे म्हणजे मुलांची.

थोरली नात 16 वर्षांची. ती म्हणाली, “आजी, तू न बघताच वाईट म्हणतेस.” हे मला लागले. सासूने न चाखता भाजीला नावे ठेवावीत, तसलाच हा प्रकार! तेव्हा मी ठरवले, की पहिल्या हंगामाचे 13 भाग आहेत, ते आपण बघायचे. दुपारी जेवणे आटोपल्यावर रोज एक. जिथे भाषा अडेल तिथे नात सांगणार, आणि जिथे सांगायची तिला लाज वाटेल तिथे मी समजून घेणार, असा आमचा करार झाला.

आता तुम्हाला कथा सांगते. हार्लीन क्विंझेल नावाची एक हुशार डॉक्टरीण मनोरुग्णांच्या तुरुंगवजा इस्पितळात काम करीत असते. तिथे जोकर नावाचा महाबदमाश रोगी म्हणून असतो. ती त्याच्या नादी लागते, नोकरी सोडते, विदूषकाचा वेष घालते आणि त्याची सावली होऊन राहते. पहिल्याच भागात तो तिला संकटात ढकलून पळून जातो. ती वर्षभर त्या तुरुंगात बसून सांगत राहते, की तो मला सोडवायला येणार. तिची मैत्रीण आयव्ही जीव तोडून समजावते, पण हिला पटत नाही. शेवटी एक कसोटी लावली जाते, की हार्ली किंवा बॅटमॅन, दोघांपैकी एकाला वाचव. तर हा गृहस्थ आपल्या वैऱ्याला वाचवतो! वैऱ्यावाचून त्याला करमायचे नाही, बायकोवाचून करमेल. तिथे हिचे डोळे उघडतात. पुढचा सारा हंगाम म्हणजे ती स्वतःच्या नावाने उभी राहू पाहते. तीही चोर-दरोडेखोर म्हणूनच, हे मान्य. पण स्वतःच्या नावाने.

भगिनींनो, मी ते पाहताना चूप झाले. याचे कारण सांगते.

आमच्या नात्यात एक मुलगी आहे. लग्नानंतर तीन वेळा माहेरी आली. हातावर वळ होते. तिन्ही वेळा तिला समजावून परत पाठवले, आणि तिसऱ्या वेळी गाडीत बसवायला गेलेल्यांत मी होते. ‘तू ऐकून घे, सारे निवळेल,’ हे शब्द माझे. माझ्या नातीला हे ठाऊक आहे, कारण तेव्हा ती आमच्याबरोबर स्थानकावर होती, आठ वर्षांची. पहिला भाग संपल्यावर तिने दूरदर्शन बंद केला आणि विचारले, “आजी, आपल्या ताईला आयव्हीसारखं कुणीच का नाही सांगितलं?” मी उत्तर दिले नाही. उठून चहा ठेवला.

दुसरा वाद पाचव्या भागावर झाला. हार्लीला आठवत असते, की जोकरने आपल्याला आम्लाच्या हौदात ढकलले. मग ती स्वतःच्या आठवणींत शिरते आणि तिला दिसते, की त्याने ढकललेच नव्हते. उडी तिने आपण होऊन घेतली होती. नात संतापली. म्हणाली, म्हणजे दोष बाईचाच! मला तसे वाटले नाही. उडी आपली होती हे कळल्यावर बाहेर पडणेही आपल्याच हाती आहे, हे बाईला कळते. आमचे एकमत झाले नाही, अजून नाही. पण ‘तुझ्या वेळी लग्न तू ठरवलंस का, आजी?’ इथपर्यंत त्या दुपारी गोष्टी गेल्या. 16 वर्षांच्या मुलीशी असे बोलणे माझे यापूर्वी कधी झाले नव्हते.

एक गंमत पाहा. ही हार्ली प्रथम आली ती 1992 साली, पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी केलेल्या बॅटमॅनच्या मुलांच्या चित्रमालिकेत. ती सोज्वळ मालिका. रक्त नाही, शिवी नाही. पुढे 1999 साली तिच्या पूर्वायुष्याची कथा मुलांच्या कार्यक्रमातच दाखवली गेली. त्यात जोकर तिला खिडकीतून खाली फेकतो आणि शेवटी इस्पितळात त्याचे एक फूल आले, की ती पुन्हा विरघळते. तेव्हा शिक्का काय मोजतो? रक्त मोजतो, शब्द मोजतो. कथा कुणीकडे कलते, हे तो मोजीत नाही. ते घरातल्या माणसालाच पाहावे लागते.

पण म्हणून शिक्का खोटा, असे मी म्हणणार नाही. नातवाला मी ही मालिका बघू देत नाही. का, ते सांगते. आपणही लहानपणी कीर्तनात दुःशासनाची छाती फोडलेली ऐकली, कीचकवध ऐकला. रक्त आपल्याला नवे नाही. पण बुवा तिथे थांबत. मृदंग थांबे. द्रौपदीचे अपमान आधी तासभर सांगितलेले असत, म्हणून त्या रक्ताला वजन असे. इथे माणसाचा पाय मोडला की लगेच विनोद, आणि पुढे चला. थोरल्या मुलीला कळते, की हे मुद्दाम अतिशयोक्त केले आहे, सुपरहिरोंच्या भारदस्तपणाची ही टर आहे. बारा वर्षांच्या मुलाला टर कळत नाही, पाय मोडलेला कळतो, आणि हसू येते. मी त्याला त्या दिवशी विचारले होते, “का हसलास रे?” तो म्हणाला, “मज्जा आली.” एवढेच.

शिव्यांचे म्हणाल तर त्या प्रत्येक वाक्याला आहेत आणि मला त्या शेवटपर्यंत रुचल्या नाहीत. तरी त्यातही एक प्रसंग चांगला जमला आहे. डॉक्टर सायको नावाचा खलनायक वंडर वुमन या वीर स्त्रीला एक घाणेरडा शब्द वापरतो, तेव्हा खुनी-दरोडेखोरांची सभाच त्याला बाहेर काढते! खून चालतो, हा शब्द चालत नाही. यात कोणाची थट्टा आहे, हे कळायला वय लागते.

पुढच्या हंगामात हार्ली आणि आयव्ही यांचे प्रेम जमते. काही भगिनी यावर नाक मुरडतील. माझी अडचण ती नव्हती. त्या दोघी एकमेकींना बऱ्या वागवतात. मात्र पुढे पुढे शृंगार उघडा होत जातो, म्हणून नातीलाही पहिला हंगामच, तोही बाहेरच्या खोलीत, रात्री पांघरुणात मोबाईलवर नाही, असे सूनबाईंनी ठरवले. मला ते पटले. नातीला पटले नाही, पण ती पाळते. निदान पाळते असे म्हणते.

कुलूप सूनबाईंनी घातले आहे. त्याचे आकडे मला सांगितलेले नाहीत, आणि चकल्यांच्या प्रकरणानंतर त्यात त्यांची चूक नाही! नातवाने भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपल्या सोळाव्या वाढदिवसाला किती दिवस उरले, ते मांडून ठेवले आहे.

त्या नात्यातल्या मुलीला मी परवा फोन केला. बराच वेळ बोललो. काय बोललो ते इथे सांगण्यासारखे नाही.

मघाशी एका भगिनीने चिठ्ठी पाठवून विचारले आहे, की मुलगी 14 वर्षांची आहे, तिने पाहावे का? बाई, तुमची मुलगी मी पाहिलेली नाही. पहिले तीन भाग आधी तुम्ही एकट्या पाहा, मग मला फोन करा. दुपारी दोननंतर मी घरीच असते.