चिमटा, आस आणि पट्टी



घडीची सायकल ही काही कालपरवाची चीज नव्हे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी घेणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी बीएसए कारखान्याने ती हजारोंच्या संख्येने बनविली, आणि तिचा नमुना पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात ठेवलेला आहे. चाकाच्या तुंब्यातच विजेची मोटर बसविण्याची कल्पना तर याहूनही जुनी, कारण ऑग्डेन बोल्टन नामक अमेरिकनाने तिचे पेटंट १८९५ सालीच मिळविले होते. भाईंदर स्थानकावर उतरून राई, मोर्वे, डोंगरीवरून उत्तन गाठणाऱ्या आणि रात्री सायकल घरातच ठेवू इच्छिणाऱ्या माणसाला या दोहोंची सांगड घालण्याचा मोह व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

मोटर पुढच्या चाकात बसवायची, तर अडचण उद्भवते ती ते चाक धरणाऱ्या चिमट्यात. सामान्य सायकलीच्या चिमट्याच्या टोकांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असते, पण अँड्र्यू रिची यांच्या ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीत ते अवघे ७४ असल्याने सरसकट मिळणारी मोटर तिथे शिरतच नाही. आणि ती शिरली तरी खरा प्रश्न पुढेच आहे. मोटर चाकाला ज्या जोराने पुढे पिळते, त्याच जोराने स्वतःच्या आसाला उलट पिळते. हा पीळ ४० न्यूटन-मीटर आणि आसाच्या सपाट बाजूंमधील अंतर १० मिलिमीटर धरले, तर केवळ वरून येणारे ओझे पेलण्यासाठी चिमट्याच्या टोकांना केलेल्या, आस बसण्याच्या खाचेच्या कडांवर निदान चारशे किलोंचा भार पडतो, आणि ॲल्युमिनियमचा चिमटा असेल तर खाच फाकून चाक निखळण्याचे भय असते. आसावर घट्ट बसणारी पोलादी पट्टी करून तिचे दुसरे टोक १० सेंटिमीटरवर चिमट्याला जखडले, की तोच भार तेथे चाळीस किलोंवर येतो.

ही पट्टी तयार मिळाली तरी आपल्या चिमट्याला ती क्वचितच जुळते, सबब ती घडवूनच घ्यावी लागते. आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदारीवर पोसलेल्या भाईंदरसारख्या गावात त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भांड्याचा पातळ पत्रा मात्र या कामी कुचकामी. पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी हवी, आणि तिचे भोक कानशीने आसाला तंतोतंत मिळविलेले हवे, कारण केसाएवढी फट राहिली तरी दर वेळी मोटर सुरू होताना आस तेवढा डुलतो आणि नट हळूहळू सैल होतो.

बाकीचे काम सोपे आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी पायडल मारीत गेल्यास सुमारे तीस किलोमीटर पुरते. ती सुट्या पिशवीत ठेवावी, आणि बिजागरीवरून जाणाऱ्या तारेला घडी घालण्यापुरती ढील द्यावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या, पायडल थांबताच किंवा ताशी २५ किलोमीटर वेग येताच मोटर बंद होणाऱ्या सायकलीला मोटार वाहनांतून वगळले असल्याने नोंदणीची यातायात नाही. याहून ताकदीची मोटर याच चिमट्यात बसवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कारागिराने स्वच्छ नकार द्यावा, एवढी माझी विनंती आहे.