चौदा दिवसांची गोळी



हिंगोलीत रिसाला, पलटण, तोफखाना ही वस्त्यांची नावं आजही ऐकू येतात. निजामाच्या काळात तिथे फौजेची छावणी होती. त्याच निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेत, लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. ते डास ज्याला चाववले, त्या हिवतापाच्या रुग्णाला, हुसेन खानला, डासामागे एक आणा मिळाला. रॉस यांना १९०२ चं नोबेल मिळालं. हुसेन खानचं नावही त्यांच्याबरोबर घ्यायला हवं.

औषधांचा शोधही पुष्कळसा फौजांच्याच निकडीने झाला. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि तिथून येणारं हिवतापावरचं क्विनाइन मिळेनासं झालं. मग अमेरिकेने हजारो रसायनं तपासली. त्या खटाटोपातूनच पुढे प्रायमाक्विन आलं. त्याच्या चाचण्या इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन झाल्या. कैद्यांनी संमती दिली होती खरी, पण गजाआडच्या माणसाचा होकार मोकळा कसा मानायचा? मला ते पटत नाही.

कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना बोटीवरच प्रायमाक्विनची गोळी चौदा दिवस रोज दिली गेली. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून बसतो. क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो; पण यकृतातले तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. त्यांना मारायला प्रायमाक्विन लागतं. (फॅल्सिपेरम या दुसऱ्या जातीच्या जंतूवरचे उपचार वेगळे. त्यावरचं आर्टेमिसिनिन उत्तर व्हिएतनामच्या सैनिकांसाठी चीनने १९६७ मध्ये सुरू केलेल्या संशोधनातून आलं.)

आपल्या हिंगोली भागातल्या जवळा बाजारच्या शिवारात घोडं अडतं ते या चौदा दिवसांपाशीच. तिसऱ्या दिवशी अंग हलकं झालं की माणूस सोयाबीन काढायला जातो आणि गोळ्यांची अर्धी पट्टी देवळीत पडून राहते. आशाताई विचारायला आल्या की घरचे म्हणतात, "आता बरं हाय की!" बरं वाटलं तरी चौदा दिवस पुरे करा, बाबांनो.

गोळी जेवणानंतर घ्या. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या लेकराला ती देऊ नका. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं आणि त्यांना ही गोळी बाधते. हे १९५६ मध्ये उमगलं, तेही त्याच स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांच्या रक्तावरून.