शाळाशाळांतील गणिताची चढाओढ

दोन शाळांमधील क्रिकेटचा सामना म्हटला कीं पटांगण भरतें, आरडाओरडा होतो, आणि हरलेल्या शाळेचीं मुलेंदेखील सायंकाळीं घरीं परततांना सामन्याच्याच गोष्टी बोलत असतात. गणिताच्या वांट्याला हा मान सहसा येत नाहीं. गणित म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे ज्यानें त्यानें आपल्या बांकावर एकट्यानें सोसावयाची गोष्ट, असाच समज घरोघरीं रूढ आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणारा मुलगा शाळेसाठीं खेळत नसतो. तो स्वतःसाठीं बसलेला असतो. मग अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना संघ करून, शाळेच्या नांवानें, गणितांत एकमेकांशीं झुंजवितां येईल काय? आणि आलें, तर त्या झुंजींत सावकाश पण नीट विचार करणाऱ्या मुलाची गत काय होईल? स्पर्धा भरविणाऱ्यांपुढचा खरा अवघड प्रश्न हा दुसराच होय. सभागृह, फराळ आणि बक्षिसें यांची व्यवस्था त्या मानानें सोपी.

अमेरिकेंत या वयाच्या मुलांसाठीं ‘मॅथकाउंट्स’ या नांवाचा उपक्रम १९८३ सालीं निघाला, आणि १९८४ मध्यें त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. गणित-शिक्षकांची परिषद त्याच्या पाठीशीं होती, यांत नवल नाहीं. मौज अशी कीं, पुढाकार घेणाऱ्यांत तेथील व्यावसायिक इंजिनियरांची राष्ट्रीय संस्थाही होती, आणि गांवोगांवच्या स्पर्धांना पुष्कळ ठिकाणीं इंजिनियरच स्वयंसेवक म्हणून येऊन उभे राहतात. पूल बांधणारा गृहस्थ सुटीच्या दिवशीं सहावीच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसला, म्हणजे गणिताचा उपयोग काय, हें मुलांना निराळें सांगावें लागत नसेल.

सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांपुरती ही स्पर्धा असते. प्रथम स्थानिक, मग राज्याची, शेवटीं राष्ट्राची. पहिल्या फेरींत ४० मिनिटांत ३० प्रश्न, आणि गणकयंत्रास बंदी. दुसऱ्या फेरींत आठच प्रश्न. ते दोन दोन करून दिले जातात व प्रत्येक जोडीस सहा मिनिटें मिळतात. येथें गणकयंत्र चालतें, आणि प्रत्येक उत्तरास दोन गुण असतात. जो मुलगा पहिल्या फेरींत घाईनें गांगरला, त्याला येथें थोडा श्वास घेतां येतो. तिसऱ्या फेरींत संघाचे चौघे एकत्र बसून २० मिनिटांत दहा प्रश्न सोडवितात. तेथें बोलण्याची मुभा असते. कोणता प्रश्न कोणीं घ्यावयाचा आणि दोघांचीं उत्तरें जुळलीं नाहींत तर कोणाचें मानावयाचें, हें त्या वयांत चौघांनीं ठरविणें हीच एक परीक्षा आहे.

परंतु सर्वांत शहाणपणाचा नियम गुणांच्या हिशेबांत दडलेला आहे. एका विद्यार्थ्यास पहिल्या दोन फेऱ्यांत अधिकांत अधिक ४६ गुण मिळूं शकतात. शाळेचा आंकडा काढतांना चौघांच्या गुणांची बेरीज करून तिला चारानें भागतात, आणि त्यांत संघाच्या फेरीचे, दर उत्तरास दोन याप्रमाणें, गुण मिळवितात. संघांत तीनच मुलें आलीं तरी भागावयाचें चारानेंच! समजा, एका शाळेंत ४४ गुण मिळविणारा एक तल्लख मुलगा आहे आणि उरलेले तिघे दहा दहा गुणांचे. त्यांची सरासरी साडेअठरा. दुसऱ्या शाळेंत चौघेही २६ गुणांचे. त्यांची सरासरी २६. एका हिऱ्यावर भिस्त ठेवणारा शिक्षक येथें हरतो, आणि वर्षभर चौघांना घेऊन बसणारा जिंकतो.

प्रश्न काढण्याचें काम मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. ‘घड्याळाला सहाचे ठोके देण्यास पांच सेकंद लागतात, बाराचे ठोके देण्यास किती?’ असें विचारलें, तर उतावळा मुलगा दहा म्हणून मोकळा होतो. ठोक्यांऐवजीं त्यांच्यामधील अंतरें मोजणारा अकरा म्हणतो. मोठें गणित नाहीं, पाठ केलेलें सूत्र नाहीं. तरी प्रश्नानें दोघांना वेगळें केलें. असे तीस प्रश्न जमविणाऱ्यास महिने लागले तर त्याला दोष देऊं नये. शिवाय उत्तर कोणत्या रूपांत हवें, हें आधींच छापलें पाहिजे. एकानें तीन अष्टमांश लिहिलें, दुसऱ्यानें सहा सोळांश, तिसऱ्यानें ०.३७५, तर परीक्षकांनीं तेथल्या तेथें वाद घालीत बसणें म्हणजे दिवसाचा विचका. उत्तरपत्रिकेवर नांवाऐवजीं क्रमांक असावा, ती दोघांनीं स्वतंत्रपणें तपासावी, आणि कोणत्याही शिक्षकाकडे स्वतःच्या शाळेचा गठ्ठा जाऊं नये. तक्रारीस ठराविक वेळ द्यावा. तो टळल्यावर कोणाचेंही ऐकूं नये, मग तक्रार करणारे पालक कितीही वजनदार असोत.

प्रेक्षकांची गर्दी होते ती शेवटच्या तोंडी फेरीला. दोन मुलें समोरासमोर, प्रश्नास फार तर ४५ सेकंद, आणि आधीं बरोबर उत्तर देणाऱ्याची सरशी. पाहण्यास ही फेरी मोठी बहारदार असते; पण तिच्यांत चपळाईला जो भाव येतो, तो गणितांत इतरत्र कोठें येत नाहीं. राष्ट्रीय स्पर्धेचा वैयक्तिक विजेता मात्र याच फेरींत ठरतो. स्थानिक व राज्याच्या पातळीवर ही फेरी ऐच्छिक आहे. तिनें क्रम ठरवावा किंवा केवळ करमणुकीपुरती ठेवावी, हें चालकांच्या हातीं असतें. ज्यांना निवड करावयाची मोकळीक आहे त्यांनीं ती करमणुकीपुरतीच ठेवावी, हें बरें.

याच्या अगदीं उलट टोंकाचा प्रकार लेनिनग्राडमध्यें, म्हणजे आतांच्या सेंट पीटर्सबर्गमध्यें, १९६५ च्या सुमारास योसिफ वेरेबेइचिक नांवाच्या शाळाशिक्षकानें काढला. त्याला गणिती लढाई म्हणतात. दोन्ही संघांना तेच प्रश्न देऊन कांहीं तास विचारास सोडतात. मग एक संघ दुसऱ्यास प्रश्नाचें आव्हान देतो. आव्हान स्वीकारणाऱ्यांपैकीं एक जण फळ्यापाशीं जाऊन उत्तराची सिद्धता मांडतो, आणि विरुद्ध बाजूचा एक जण तींतील छिद्रें शोधतो. एकाच हुशार मुलानें सारी लढाई लढूं नये म्हणून कोणालाही दोनपेक्षां अधिक वेळां फळ्यापाशीं जातां येत नाहीं. दर प्रश्नास बारा गुण. ते मांडणारा व खोडणारा यांच्यांत परीक्षक वांटून देतात. सिद्धताही अपुरी आणि टीकाही लंगडी ठरली, तर उरलेले गुण परीक्षक स्वतःच्या नांवावर जमा करतात. तेव्हां फळ्यावर दोन शाळांच्या आंकड्यांशेजारीं परीक्षकांचाही आंकडा वाढत जातो, आणि मुलें त्याच्याकडे प्रतिपक्षाहूनही अधिक रागानें पाहतात.